तासांचा हिशेब

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, नागपूर, डिसेंबर २०२५, केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तिकडे विधानभवनात हिवाळी अधिवेशन आणि इकडे आपलं. आपल्याकडे उपस्थिती जास्त दिसते आहे, याचा आनंद आहे.

संयोजकांनी प्रत्येकाला सांगितलं होतं की आपल्या अनुभवातलं, दुसऱ्याच्या कामी येईल असं काहीतरी बोला. डॉक्टर मंडळींनी साखरेवर बोलून आपल्या ताटातल्या जिलब्या परत पाठवल्या. माझ्याकडून कॉम्प्युटरवर बोलण्याची अपेक्षा आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी ट्रॅक्टरवर बोलणार आहे. हसून घ्या, मी थांबते.

कारण सांगते. आपल्या ग्रुपवरून मला खासगीत जे फोन येतात, त्यांत सॉफ्टवेअरबद्दलचे कमी असतात. जास्त फोन असे असतात: "गावी भाऊ ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय. किती पैसे पाठवू? कोणता घ्यावा?" आपल्यापैकी निम्म्या लोकांची मुळं काटोल, उमरेड, सावनेर, भंडारा, वर्धा इथल्या वावरात आहेत. आपण पुण्या-बंगळुरूत किंवा त्याही पलीकडे. शेती भाऊ किंवा काका बघतात. ट्रॅक्टरचा प्रश्न आला की घरात दोनच माणसं बोलतात, एक पैसे देणारा आणि एक स्टिअरिंग धरणारा. दोघांच्या मधला हिशेब कोणीच करत नाही. तो कसा करायचा, एवढंच मला सांगायचं आहे.

माझं सासर काटोल तालुक्यात. चौदा एकर शेती. त्यात पाच एकर संत्रा, बाकी नऊ एकरांत कापूस, तूर, सोयाबीन आणि पाणी असेल तिथे हरभरा. मामाजींच्या काळात दोन बैलजोड्या आणि एक सालदार होता. मामाजी थकले, सालदार मिळेनासा झाला, आणि २०१९ मध्ये आम्ही ट्रॅक्टर घेतला. शेती भाऊजी पाहतात. मी शनिवार-रविवार जाते आणि वही सांभाळते. इंजिनिअरिंगच्या पदवीनं मला ट्रॅक्टर शिकवला नाही, पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय लावली.

तसं ट्रॅक्टर हे आपल्या नागपूरला परकं यंत्र नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. १९६३ मध्ये महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली, १९७७ मध्ये ती मूळ कंपनीत विलीन झाली, आणि आज संख्येच्या हिशेबानं जगात सर्वाधिक ट्रॅक्टर विकणारी कंपनी हीच आहे. आपल्या वर्गातल्या दोघांचे वडील त्या कारखान्याच्या बसनं शिफ्टला जायचे, हे आठवत असेल. पण ट्रॅक्टर आपल्या शहरात बनतो म्हणून तो आपल्या वावरात परवडतोच, असं नाही.

आता गणिताच्या सरांची परवानगी घेऊन एक उदाहरण सोडवते. काळ, काम, वेग हा धडा आपण सगळ्यांनी रडत शिकला. ट्रॅक्टरचं गणित तेच आहे.

समजा, ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली मिळून नऊ लाखांना पडले. दहा वर्षांनी विकून तीन लाख आले, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपयांची घट. कर्जाचं व्याज सरासरी ४०,०००. विमा आणि किरकोळ १०,०००. टायर, सर्व्हिसिंग, दुरुस्ती यांची सरासरी २०,०००. झाले वर्षाला १,३०,०००. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला तरी यातला बहुतेक खर्च होतोच. तो चालवायचा, तर तासाला पाच लिटर डिझेल आणि चालवणाऱ्याची मजुरी मिळून साडेपाचशे रुपये धरा.

आता तास मोजू. नांगरणी, दोनदा कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, पेरणी असं मिळून कोरडवाहू एकराला वर्षाला सात-आठ तास लागतात. नऊ एकरांचे सत्तर. बागेतली फवारणी आणि शेणखत टाकणं, चाळीस. कापूस, कुटार, संत्रा यांची वाहतूक, साठ. एकूण १७०. मोठी वाटणारी चौदा एकर शेती ट्रॅक्टरला वर्षाला १७० तासांचंच काम देते. १,३०,००० भागिले १७० म्हणजे ७६५. त्यात डिझेल आणि मजुरी मिळवली की तासाला तेराशे रुपयांच्या वर. भाड्याचा ट्रॅक्टर हजार रुपये तासानं मिळत असेल, तर आपलाच ट्रॅक्टर आपल्याला तासामागे तीनशे रुपयांनी महाग पडला.

हाच ट्रॅक्टर गावात भाड्यानंही जाऊन वर्षाला ५२० तास चालला, तर स्थिर खर्च तासाला २५० होतो आणि एकूण ८००. मग तो परवडतो. मधली रेघ कुठे आहे? भाड्याच्या हजारातून चालवण्याचे साडेपाचशे वजा करा, उरले साडेचारशे. त्यानं १,३०,००० ला भागा. साधारण २९० तास. आकडे तुमच्या गावाचे घाला, उत्तर बदलेल. रीत बदलणार नाही. वर्षाला एवढे तास काम कुठून येणार, हे घरातल्या कोणाला सांगता येत नसेल, तर त्या वर्षी ट्रॅक्टर घेऊ नका. भाड्यानं आणा, किंवा दोन-तीन घरं मिळून घ्या.

भाऊजींनी शोरूमची पायरी चढण्याआधी गावातल्या अकरा कास्तकारांच्या घरी जाऊन विचारलं होतं, "आमचा आला तर तुमचं किती काम देता, आणि पैसे केव्हा देता?" दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा. भाड्याचे पैसे कापूस विकल्यावर येतात आणि बँकेचा हप्ता त्याची वाट पाहत नाही. म्हणून हप्ता महिन्याचा घेऊ नये; पिकाच्या पैशाशी जुळणारा सहामाही मागून घ्यावा.

तुम्ही म्हणाल, एवढी काटकसर कशाला? माझ्या माहितीतलं एक घर आहे. आठ एकर शेती, दोन भाऊ. मोठा ट्रॅक्टर घेतला, सगळी अवजारं कर्जातच. स्वतःचं काम शंभर तासांचंही नव्हतं, आणि गावात आधीच पाच ट्रॅक्टर होते. तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. सातबारावर बोजा होताच. ट्रॅक्टर विकूनही कर्ज फिटेना, तेव्हा एक एकर गेलं, तेही विहिरीजवळचं. त्या घरात कोणी व्यसनी नव्हतं, कोणी आळशी नव्हतं. तास मोजले नव्हते, एवढंच. ट्रॅक्टरच्या हिशेबात पणाला लागते ती जमीन. पैसे पाठवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

आता दुसरा प्रश्न: किती हॉर्सपॉवरचा? गावात हा प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. शेजाऱ्याकडे पंचेचाळीसचा, म्हणून आपला पन्नासचा. खरं तर आधी अवजार ठरवायचं आणि मग ट्रॅक्टर. जाहिरातीत लिहिलेली ताकद इंजिनची असते. रोटाव्हेटर आणि थ्रेशर चालतात ते मागच्या पीटीओ शाफ्टच्या ताकदीवर, आणि ती नेहमी कमी असते. म्हणून विक्रेत्याला पीटीओची हॉर्सपॉवर विचारा. सांगता येत नसेल, तर मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे, आपल्या नागपूर-भोपाळ रेल्वेमार्गावरच. तिथे ट्रॅक्टर तपासले जातात आणि चाचणी-अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता, ब्रेक असं सगळं छापलेलं असतं. आपण मोबाइल घेताना चार परीक्षणं वाचतो. नऊ लाखांच्या यंत्राचा अहवाल वाचायला काय हरकत आहे?

पन्नासच्या आसपासचे ट्रॅक्टर ४९ वर का अडलेले दिसतात, हेही सांगते. जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनांना धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळायला महागडी इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा लागते. म्हणून पन्नासच्या आतला ट्रॅक्टर घेण्याआणि सांभाळण्यात स्वस्त पडतो, आणि गावचा मिस्त्री तो उघडू शकतो. आपल्याकडच्या दहा-पंधरा एकरांना चाळीस ते पंचेचाळीस पुष्कळ झाले.

संत्रावाल्यांसाठी वेगळं बोलते. मोठी झालेली झाडं दोन ओळींच्या मधे जागा ठेवत नाहीत. मध्यम ट्रॅक्टर तिथे शिरला की फांद्या मोडतो आणि फळं पाडतो. बागच जास्त असेल, तर अरुंद छोटा ट्रॅक्टर घ्या. आणि कोणताही घेतला तरी बागेत खोल मशागत करू नका. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात. ती तुटली की डिंक्यासारख्या रोगाला दार उघडतं.

काळ्या मातीबद्दल मामाजींचा एक शब्द पुरे आहे: वाफसा. बैल ओल्या वावरात पाय टाकायला कुरकुरतो, ट्रॅक्टर कुरकुरत नाही. तो दोन टनांचा बोजा घेऊन घुसतो आणि खाली माती दाबून ठेवतो. ते पुढच्या पावसात पाणी साचून दिसतं. "भाड्याचं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून वाफसा येण्याआधी वावरात उतरायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींचं उलट. तिथे चिखलणीसाठी पाण्यातच उतरावं लागतं. त्यांनी घेतानाच ॲक्सलची सीलं चिखलणीला चालणारी आहेत का, ते विचारावं, आणि हंगामानंतर गिअरच्या तेलात पाणी शिरलं का, ते तपासावं. तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलं समजा.

चाक घसरतं किती, हेही घरी मोजता येतं. मागच्या चाकावर खडूची रेघ मारा. अवजार उचलून चाकाच्या दहा फेऱ्या जाऊ द्या आणि अंतर मोजा. आमचं भरलं ४२ मीटर. मग अवजार मातीत घालून पुन्हा दहा फेऱ्या. आता भरलं ३६ मीटर. म्हणजे १४ टक्के घसरण. दहा ते पंधरा टक्के चालतं. वीसच्या वर गेलं तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत चालले; चाकावर वजन वाढवा किंवा अवजार हलकं घ्या. खडू, टेप आणि शाळकरी मुलं एवढं साहित्य पुरतं. माझ्या पुतण्यांनी टक्केवारी अशीच शिकली.

कागदपत्रांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. त्याआधीचं दरपत्रक कोणी दाखवलं तर नवीन मागा. अनुदान हवं असेल, तर महाडीबीटीवर अर्ज करून आधी पूर्वसंमती घ्या आणि मगच खरेदी करा. उलटं केलं तर अनुदान मिळत नाही. महिला शेतकऱ्याला अनुदान जास्त मिळतं, पण त्यासाठी सातबारावर तिचं नाव लागतं. वर्गातल्या मुलींनो, सासरच्या आणि माहेरच्या सातबारावर आपलं नाव आहे का, ते या निमित्तानं एकदा बघून घ्या. ट्रॅक्टर घ्या किंवा न घ्या.

आता देखभाल. मराठीत तास या शब्दाचे तीन अर्थ आहेत. शाळेतला, घड्याळातला, आणि नांगरानं वावरात पडतं ते तास. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचं तासाचं मीटर या शेवटच्या दोघांना जोडतं. गाडीची सर्व्हिसिंग किलोमीटरवर, ट्रॅक्टरची तासांवर. आणि जुन्या, तारेवर चालणाऱ्या मीटरमध्ये हा तास घड्याळाचा नसतो. इंजिन ठरावीक वेगानं फिरलं तरच मीटरचा एक तास घड्याळाच्या तासाएवढा. इंजिन हळू फिरलं तर मीटरही हळू. भाड्याचा हिशेब कशावर, मीटरवर की घड्याळावर, हे आधी बोलून घेतलं तर धुऱ्यावरची अर्धी भांडणं मिटतात.

आमच्या वहीत पाच रकाने आहेत: तारीख, मीटर, कोणाचं वावर आणि काम, डिझेल, शेरा. आम्ही सॉफ्टवेअरवाले बिघाड शोधताना आधी नोंदी वाचतो. तीच ही वही. मागच्या वर्षी जानेवारीत तासाचा डिझेलचा खप पाचवरून सहावर गेलेला वहीत दिसला, ट्रॅक्टर तर ठणठणीत चालत होता. उघडल्यावर कळलं, एअर क्लीनर कुटाराच्या भुशानं भरला होता. दोन तासांचं काम. तसंच चाललं असतं तर पुढे इंजिन उतरवावं लागलं असतं.

हा एअर क्लीनर ट्रॅक्टरचं नाक आहे. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ पाहिलीच आहे. तेलाच्या भांड्याचा क्लीनर असेल, तर धुळीच्या दिवसांत भांडं रोज उघडून बघा. तळाशी गाळ दिसला तर साफ करा आणि तेल खुणेपर्यंतच भरा. कमी भरलं तर धूळ आत जाते, जास्त भरलं तर तेल इंजिनात ओढलं जातं. धुळीनं पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ट्रॅक्टर धूर सोडू लागतो, आणि तो धूर म्हणजे तुमचे पैसे. मळणीच्या दिवसांत रेडिएटरची जाळीही संध्याकाळी झटकायची.

बाकी कामं आजीच्या औषधांसारखी साधी आहेत. टाकी सकाळी न भरता संध्याकाळी भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या थंडीनं पाणी जमतं. सकाळी डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडावं. इंजिन ऑइल आणि रेडिएटरचं पाणी सुरू करण्याआधी बघावं. ग्रीस रोज. क्लचवर पाय ठेवून चालवायचं नाही. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग ५० तासांना, पुढे ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या तासांना; आमच्या पुस्तिकेत २५० आहे. आणि ही कामं मालकानं न करता चालवणाऱ्यानं करायची असतील, तर त्याला त्याचे पैसे द्या. आम्ही रोजच्या मजुरीत सकाळचा अर्धा तास धरतो. तो अर्धा तास फुकट मागितला, तर मिळत नाही.

शेवटचा भाग गंभीर आहे. इथे बसलेल्यांपैकी मडगार्डवर बसून कोण कोण फिरलंय? बघा, निम्मे हात वर. आपण वाचलो, हे आपलं नशीब. मोठ्या चाकाच्या वर बसलेलं पोर एका खड्ड्यात खाली जातं आणि चालवणाऱ्याला कळायच्या आत चाक वरून जातं. ट्रॅक्टरवर सीट एक, माणूस एक. आपला पुतण्या कितीही रडला तरी.

पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्या फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक किंवा दुपट्टा अडकला, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरभोवती बायाच जास्त असतात. शाफ्टवरचं झाकण काढून टाकलेलं असेल, तर काम थांबवायचं. इंजिन बंद झाल्याशिवाय जवळ जायचं नाही. आमच्याकडे बाया साडीवर जुना शर्ट घालून पदर आत खोचतात. हे मी सांगितल्यावर पहिल्या वर्षी हसल्या, आता स्वतःच शर्ट घेऊन येतात.

रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकची पेडलं कडीनं जोडायची. वावरात वळायला ती सुटी लागतात; रस्त्यावर एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर आडवा होतो. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. भरलेली ट्रॉली मागून ढकलते. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर हवेत. आणि ट्रॉलीत वऱ्हाड नको. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीत माणसं बसवून अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग लग्नघर आणि ट्रॅक्टरचं घर दोन्ही बसतात.

मित्रांनो, पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकतो, लोणी-हळद लावतो, कारण वर्षभर त्या खांद्यावर काय आलं, ते घराला ठाऊक असतं. आता पोळ्याला ट्रॅक्टरलाही हार घालतात. घालावा. पण बैल दुखलं तर लंगडून दाखवायचा. ट्रॅक्टर तसं दाखवत नाही. त्याच्या बाजूनं वहीच बोलते.

म्हणून पुढच्या वेळी गावाहून फोन आला, "ट्रॅक्टर घ्यायचा आहे, पैसे पाठव", तर आधी एवढंच विचारा, "दादा, वर्षाचे तास किती?" उत्तर आलं, तर पैसे पाठवा. आणि सोबत दोनशे पानांची एक वही पाठवा.

गणिताच्या सरांना नमस्कार. काळ-काम-वेगाचं उदाहरण मी बरोबर सोडवलं असेन, तर एक गुण द्या.